वाचकांचे प्रश्न : ‘फास्ट’ म्हणजे नेहमी ‘जलद’च का?

‘फास्ट’ हा शब्द मुंबईत कुणाला शिकवावा लागत नाही. पण तोच शब्द साडीच्या लेबलवर, थुंकीच्या रिपोर्टमध्ये किंवा मुलांच्या पाठ्यपुस्तकात भेटला की गाडी अडते, असं या वेळच्या पत्रांवरून दिसतं. सगळी पत्रं एकाच शब्दाची असल्याने एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आठवीतल्या मुलीचा अभ्यास घेताना ‘फास्ट फ्रेंड्स’, ‘फास्ट अस्लीप’ आणि ‘होल्ड फास्ट’ हे तीन प्रयोग एकामागोमाग आले. मैत्री जलद, झोप जलद आणि धरायचंही जलद? तिला काय सांगू?
– एक पालक, परळ

उत्तर : तिन्हींमध्ये वेगाचा काही संबंध नाही, हे आधी सांगा. ‘फास्ट’चा मूळ अर्थ ‘घट्ट, पक्का, जागचा न हलणारा’. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याला हाच अर्थ होता, वेगाचा अर्थ पुढे मध्ययुगात आला. त्यामुळे ‘फास्ट फ्रेंड्स’ म्हणजे पक्के मित्र, ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला आणि ‘होल्ड फास्ट’ म्हणजे घट्ट धर, सोडू नकोस. चिखलात चाक रुतलं तर ते ‘स्टक फास्ट’. गोदीत जहाज धक्क्याला लागलं की दोर बांधण्याला ‘मेक फास्ट’ म्हणतात आणि सगळे दोर बांधून झाले की ‘ऑल फास्ट’ असा निरोप जातो. त्या वेळी जहाज पूर्ण थांबलेलं असतं.

‘घट्ट’चं ‘वेगवान’ कसं झालं, हा मुलीचा पुढचा प्रश्न असेल. त्यासाठी मराठीतला ‘जोरात’ बघा. ‘दोरी जोरात ओढून धर’ म्हणताना जोर पकडीत असतो, ‘जोरात पळ’ म्हणताना तोच जोर पायांत येतो आणि आपण त्याला वेग समजतो. इंग्रजीतही असंच झालं. ‘फास्ट’ आधी ‘घट्टपणे’, मग ‘नेटाने, कसून’ आणि कसून पळणारा वेगात पळतो म्हणून शेवटी ‘वेगाने’. जुना अर्थ मात्र गेला नाही. काही ठरावीक जोड्यांत आणि काही धंद्यांच्या भाषेत तो अजून टिकून आहे. वाक्यात वेग बसत नसेल तर ‘पक्का’ घालून पाहायचं, दहापैकी नऊ वेळा अर्थ लागतो.

मुलीकडून दोन गोष्टी पाठ करून घ्या. ‘फास्ट अस्लीप’ बरोबर आहे, पण ‘फास्ट स्लीप’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘डीप स्लीप’ किंवा ‘साउंड स्लीप’ हवं. आणि शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘ही वॉज फास्ट अस्लीप’ म्हणजे तो गाढ झोपला होता. ‘ही फेल अस्लीप फास्ट’ म्हणजे त्याला पटकन झोप लागली. परीक्षेत नेमकं इथेच फसायला होतं.

‘दे बिकेम फास्ट फ्रेंड्स’ या वाक्याचा अर्थ आज खुद्द इंग्रजी बोलणारेही कधी कधी ‘त्यांची लगेच गट्टी जमली’ असा घेतात. पाठ्यपुस्तकातलं उत्तर मात्र ‘पक्के मित्र’ हेच.

प्रश्न : दादरच्या दुकानात सुती साडीवर ‘फास्ट कलर’ असं लेबल होतं. पहिल्याच धुण्यात बादली लाल झाली. मग ‘फास्ट’ म्हणजे नक्की काय? आणि रंग पक्का आहे का, हे घरी कसं तपासायचं?
– एक वाचक, माहीम

उत्तर : इथला ‘फास्ट’ तोच जुना, ‘धाग्याला धरून राहणारा’. पण नुसतं ‘फास्ट कलर’ हे अर्धवट विधान आहे. रंग कशापुढे टिकतो? धुण्यापुढे, घासण्यापुढे, घामापुढे की उन्हापुढे? कापडाच्या प्रयोगशाळेत या चारही गोष्टी वेगवेगळ्या तपासतात. धुणं, घासणं आणि घाम यांचे गुण १ ते ५ असतात आणि ५ सर्वांत चांगला. उन्हासाठी मोजपट्टी १ ते ८ अशी असते आणि तिथे ८ सर्वांत चांगला. उन्हाला ६ गुण मिळवणारा रंग धुण्याला २ असू शकतो. पडद्याला तो चालेल, साडीला नाही. घामाची चाचणी तर आम्लधर्मी आणि अल्कधर्मी अशा दोन्ही तऱ्हेच्या कृत्रिम घामात करतात, कारण काही रंग एकात टिकतात आणि दुसऱ्यात उतरतात. मुंबईच्या हवेत ब्लाउजच्या बगलेतला रंग आधी का जातो, याचं एक कारण हे आहे.

घरी तपासायचं तर साडीच्या आतल्या टोकाचा, नेसल्यावर न दिसणारा भाग घ्या. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळून तिथे १० वेळा पुढे-मागे घासा. मग दुसरा तुकडा भिजवून, घट्ट पिळून, शेजारच्या जागी तितकंच घासा. कोरडा तुकडा पांढरा आणि ओला गुलाबी झाला तर साडी वेगळी धुवायची एवढाच त्याचा अर्थ. कोरड्यालाच रंग लागला तर ती साडी पांढऱ्या परकरावर नेसू नका. धुण्यासाठी वेगळी परीक्षा हवी. साडीच्या त्याच कोपऱ्याला पांढरा तुकडा टाचा, साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, न पिळता सावलीत वाळवा आणि दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली फिकट गुलाबी डाग दिसत नाही. रेशमी आणि जरीच्या साडीवर ही ओली परीक्षा मुळीच करू नका, पाण्याचाच डाग पडतो. ती सरळ ड्रायक्लीनला द्या.

बादली लाल का झाली? सुतावर चांगला बसणारा रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंध करतो. पण रंगवताना सगळा रंग असा जोडला जात नाही. उरलेला नुसता वर बसून राहतो आणि कारखान्यात तो गरम पाण्याने, साबणाने पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो. पाणी आणि वेळ वाचवायला हा टप्पा आखडला की उरलेला रंग तुमच्या बादलीत येतो. तसं असेल तर दोन-तीन धुण्यांत पाणी स्वच्छ व्हायला लागतं. पाचव्या धुण्यालाही पाणी तितकंच लाल असेल तर रंगच कच्च्या जातीचा आहे, तिथे उपाय नाही.

मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. मीठ रंगवताना रंगाला धाग्याकडे ढकलायला उपयोगी पडतं. एकदा रंगवून झालेल्या सुताचा रंग त्याने पक्का होत नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर-रेशमावर चढणाऱ्या वेगळ्या जातीच्या रंगांना होतो, सुताला नाही.

प्रश्न : वडिलांच्या थुंकीच्या तपासणीच्या कागदावर ‘अ‍ॅसिड-फास्ट बॅसिली’ असे शब्द होते. अ‍ॅसिडमध्ये जंतू फार जलद वाढतात, असं आम्ही समजलो आणि घाबरून गेलो.
– एक वाचक, शिवडी

उत्तर : ही गल्लत फार घरांत होते. म्हणून हे थोडं सविस्तर.

‘अ‍ॅसिड-फास्ट’ म्हणजे अ‍ॅसिड ओतलं तरी रंग न सोडणारा. कलर फास्टचाच हा भाऊ. ‘बॅसिली’ म्हणजे काडीसारखे जंतू. क्षयाचे जंतू शोधायला काचेवर थुंकीचा पातळ थर देऊन तो वाळवतात आणि आचेवर धरून पक्का करतात. त्यावर कार्बोल फुक्सिन नावाचा लाल रंग ओततात आणि वाफ येईपर्यंत खालून गरम करतात, उकळू देत नाहीत. साधारण पाच मिनिटांनी तो धुतात. मग २५ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालतात. या टप्प्यावर इतर जंतू आणि पेशी लाल रंग सोडून देतात. क्षयाच्या जंतूच्या कवचात मेणासारखी आम्लं दाट भरलेली असतात, त्यामुळे आत गेलेला रंग बाहेर पडत नाही. शेवटी मिथिलिन ब्लू हा निळा रंग देतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काड्या दिसल्या तर ‘ए.एफ.बी. सीन’ असं लिहितात, नाही दिसल्या तर ‘नॉट सीन’.

वेगाबद्दल तर गोष्ट नेमकी उलटी आहे. पोटातला साधा ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ २० तास लागतात. कल्चर रिपोर्टला, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीला, आठवडेच्या आठवडे लागतात ते यामुळे.

रिपोर्ट वाचताना एवढं ध्यानात असू द्या. ‘नॉट सीन’ म्हणजे आजार नाहीच, असा अर्थ होत नाही. थुंकीत जंतू कमी असतील, किंवा नमुन्यात थुंकीऐवजी लाळच जास्त असेल, तर काड्या दिसत नाहीत. नमुना सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला हवा. आणि ‘सीन’ असलं तरी ‘अ‍ॅसिड-फास्ट’ हा जंतूच्या एका गुणाचा शेरा आहे. क्षयाच्या कुळातले इतर जंतूही असा रंग धरतात. कागद डॉक्टरांना दाखवा, औषध त्यांच्याच सांगण्याने.

प्रश्न : अमेरिकेहून आलेल्या भाच्याला ‘फास्ट लोकल पकड’ असं सांगितलं. तो म्हणाला, लोकल असेल तर ती फास्ट कशी असेल? आपलं इंग्रजी चुकतंय का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपलं चुकत नाही आणि भाच्याचंही नाही. न्यूयॉर्कच्या सबवेत ‘लोकल’ म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी आणि ‘एक्सप्रेस’ म्हणजे मधली स्टेशनं गाळणारी. त्याच्या कानाला ‘फास्ट लोकल’ म्हणजे ‘न थांबणारी थांबणारी गाडी’. मुंबईत ‘लोकल’ म्हणजे उपनगरी गाडी, मग ती धीमी असो की जलद. आणि ‘एक्सप्रेस’ म्हटलं की आपल्याला बाहेरगावची गाडी दिसते, म्हणून तो शब्दही भाच्याला देऊन उपयोग नाही.

आपला प्रयोग ब्रिटिश रेल्वेच्या बोलीतला आहे. तिथे रुळांच्या जोड्यांना ‘फास्ट लाइन’ आणि ‘स्लो लाइन’ म्हणतात, जसं आपल्याकडे ‘डाऊन फास्ट’ आणि ‘अप स्लो’. तिथे एखादी गाडी ‘फास्ट टू रेडिंग’ आहे म्हटलं की ती रेडिंगपर्यंत मध्ये कुठे थांबत नाही. म्हणजे रेल्वेच्या तोंडी ‘फास्ट’ हा वेगापेक्षा थांब्यांचा हिशोब आहे. तोच रेक सकाळी धीमा धावतो आणि दुपारी जलद. माटुंगा, शीव गाळल्यामुळे वेळ वाचतो. म्हणून तर कर्जत किंवा कसारा फास्ट कल्याण सोडल्यावर प्रत्येक स्टेशनावर थांबू लागते आणि तरी इंडिकेटरवर ती ‘फास्ट’च असते.

पाहुण्याला सांगताना ‘टेक अ फास्ट ट्रेन, इट स्किप्स द स्मॉलर स्टेशन्स’ असं सांगा. त्याला कुठे उतरायचं त्या स्टेशनाचं नाव घेऊन ‘डझ इट स्टॉप अ‍ॅट’ असं फलाटावर विचारायलाही शिकवा. इंडिकेटरवरच्या ‘एफ’ आणि ‘एस’चा अर्थ तेवढा समजावून द्या, तो बाहेरच्याला आपोआप कळत नाही.

प्रश्न : ऑफिसात मी ‘प्लीज कम फास्ट’, ‘आय वोक अप फास्ट’ असं बोलते. सहकारी हसतात. चूक कुठे आहे?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : चूक ‘लवकर’ या मराठी शब्दाच्या तीन कामांमुळे होते. ‘उद्या लवकर ये’ म्हणजे नेहमीच्या वेळेआधी ये. इंग्रजीत ते ‘अर्ली’. ‘लवकर बरी हो’ म्हणजे थोड्याच दिवसांत. ते ‘सून’. ‘लवकर आवर’ म्हणजे हाताचा वेग वाढव. ते ‘क्विकली’ किंवा नुसतं ‘हरी अप’. या तिन्हींच्या जागी आपण ‘फास्ट’ टाकतो आणि तो फक्त तिसऱ्या जागी कसाबसा बसतो.

‘आय वोक अप फास्ट’चा अर्थ ‘माझी झोप झटकन उडाली’ असा होतो. पहाटे उठलात असं म्हणायचं असेल तर ‘आय वोक अप अर्ली’. ‘कम फास्ट’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे धावत येणारा माणूस येतो. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला तर ते हुकूम सोडल्यासारखं लागतं. तिथे वेळच सांगावी : ‘कुड यू कम बाय फोर?’ ‘डू इट फास्ट’पेक्षा ‘आय नीड इट बाय फाइव्ह’ नेहमीच बरं. त्यात आर्जव आहे आणि मुदतही आहे.

बोलण्याआधी मनात मराठीत ‘लवकर’ हा शब्द काढून टाका आणि त्याजागी ‘वेळेआधी’, ‘थोड्या वेळात’ की ‘भराभर’ यांपैकी कोणता बसतो ते बघा. आठ-पंधरा दिवस असं केलं की जिभेला वळण लागतं.

प्रश्न : ‘फास्ट’, ‘क्विक’, ‘रॅपिड’, ‘प्रॉम्प्ट’ हे सगळे सारखेच ना? स्पर्धा परीक्षेत गाळलेल्या जागा भरताना माझे गुण इथेच जातात.
– एक विद्यार्थी, चेंबूर

उत्तर : सारखे नाहीत. धावणाऱ्या किंवा चालणाऱ्या वस्तूचा वेग मोठा असेल तर ‘फास्ट’ : फास्ट कार, फास्ट बोलर, फास्ट इंटरनेट. काम थोडक्या वेळात उरकत असेल तर ‘क्विक’ : क्विक लंच, क्विक लुक, क्विक क्वेश्चन. ‘फास्ट लंच’ किंवा ‘फास्ट लुक’ असं होत नाही. ‘फास्ट फूड’ हा ठरून गेलेला शब्द आहे, त्यावरून नियम काढू नका. आकडा किंवा स्थिती झपाट्याने बदलत असेल तर ‘रॅपिड’ : रॅपिड ग्रोथ, रॅपिड राइज. विलंब न लावता सुरू केलं असेल तर ‘प्रॉम्प्ट’ : प्रॉम्प्ट पेमेंट, प्रॉम्प्ट रिप्लाय. क्विक आणि प्रॉम्प्टमध्ये बारीक फरक आहे. दोन ओळींत उरकलेलं उत्तर क्विक असतं, मग ते आठवड्याने का येईना. पत्र मिळताच धाडलेलं उत्तर प्रॉम्प्ट, मग ते चार पानी का असेना. आजाऱ्याला शुभेच्छा देताना ‘स्पीडी रिकव्हरी’ म्हणतात, तिथे फास्ट बसत नाही.

गाळलेली जागा आली की आधी पुढचं नाम बघा. नाम वस्तूचं आहे, कामाचं आहे की आकड्याचं, एवढं ठरलं की बहुतेक वेळा शब्द ठरतो.

प्रश्न : ‘फास्टली’ हा शब्द आहे की नाही? माझ्या मुलाने निबंधात लिहिला आणि बाईंनी त्याच्यावर लाल रेघ मारली.
– एक पालक, ठाणे

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. आजच्या इंग्रजीत विशेषणही ‘फास्ट’ आणि क्रियाविशेषणही ‘फास्ट’च. ‘अ फास्ट रनर’ आणि ‘शी रन्स फास्ट’. ‘क्विक’चं ‘क्विकली’ आणि ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं, म्हणून मुलं साहजिकच ‘फास्टली’ करतात. ‘मोअर फास्ट’ही नाही, ‘फास्टर’ आणि ‘फास्टेस्ट’. ‘टू फास्ट’ म्हणजे ‘खूप जलद’ नव्हे, ‘नको तितका जलद’. आई गाडी छान वेगात चालवते, असं कौतुक करायचं असेल तर ‘टू’ काढून ‘व्हेरी’ घालायचं.

जागेची चूक त्याहून जास्त होते आणि ती बाईंच्याही नजरेतून कधी सुटते. मराठीत ‘तो फास्ट पळतो’ म्हणताना शब्द क्रियापदाआधी येतो. इंग्रजीत ‘ही फास्ट रन्स’ असं होत नाही, तो क्रियापदामागेच जातो. ‘क्विकली’ला दोन्ही जागा चालतात, ‘फास्ट’ला नाही. अपवाद ‘फास्ट बिकमिंग’, ‘फास्ट अप्रोचिंग’, ‘फास्ट डिसअपिअरिंग’ अशा चालू क्रियेचा. ‘द मॉन्सून इज फास्ट अप्रोचिंग’ हे अगदी बरोबर आहे.

‘फासन’ शब्दात ‘ट’चा उच्चार करत नाहीत. विमानात ऐकू येतं ते ‘फासन युअर सीट बेल्ट’. लिहिताना मात्र ‘टी’ हे अक्षर गाळायचं नाही. तोही ‘घट्ट करणं’ या जुन्या अर्थाचा.

प्रश्न : घड्याळ फास्ट असतं, मग गाडी ‘दहा मिनिटं फास्ट’ आली असं म्हणावं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही. घड्याळ चुकीची, पुढची वेळ दाखवत असेल तर ते फास्ट : ‘माय वॉच इज फाइव्ह मिनिट्स फास्ट’. गाडी वेळेआधी आली तर ती ‘अर्ली’. घड्याळ रोज थोडं थोडं पुढे जात असेल तर ‘इट गेन्स टू मिनिट्स अ डे’ म्हणा, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला दोष नेमका कळतो. पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ काटे फिरवून ठीक होतं, रोज दोन मिनिटं कमावणारं उघडावं लागतं.

दोन ठिकाणच्या प्रमाणवेळांतला फरक सांगताना आज फास्ट-स्लो न वापरता ‘अहेड’ आणि ‘बिहाइंड’ वापरतात, कारण तिथे कुणाचं घड्याळ चुकलेलं नसतं. गिरगावकरांना हे उदाहरण जवळचं वाटेल. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईने आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. तिला ‘थर्टी-नाइन मिनिट्स बिहाइंड’ म्हणायचं. ‘स्लो’ म्हटलं तर मुंबईची घड्याळं बिघडली होती असा अर्थ होईल आणि तसं मुळीच नव्हतं.

प्रश्न : मराठ्यांच्या इतिहासावरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘हिल फास्टनेसेस’ असं पुन्हा पुन्हा येतं. मावळ्यांची चपळाई असा अर्थ घ्यायचा का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : इथे ‘फास्टनेस’ म्हणजे दुर्गम, सहज हाती न लागणारी बळकट जागा. रायगड, राजगड, तोरणा हे ‘फास्टनेसेस’, तेच वाक्यात घालून वाचा. वेगाचं नाम ‘फास्टनेस’ होत नाही, ते ‘स्पीड’. कापडाच्या धंद्यात ‘कलर फास्टनेस’ म्हणतात तेव्हाही अर्थ रंगाचा पक्केपणा.

प्रश्न : क्रिकेटमधल्या फास्ट-मीडियम आणि मीडियम-फास्ट बोलरांत जास्त वेगवान कोण?
– एक वाचक, शिवाजी पार्क

उत्तर : फास्ट-मीडियम. वेगाच्या उतरत्या क्रमाने फास्ट, फास्ट-मीडियम, मीडियम-फास्ट, मीडियम. सामान्य इंग्रजीत जोडशब्दाचा शेवटचा शब्द मुख्य असतो, त्यामुळे उलटं वाटतं. इथे पहिला शब्द मुख्य धरा. संघाच्या यादीत ‘आर.एफ.एम.’ असेल तर उजव्या हाताचा फास्ट-मीडियम.

प्रश्न : मुलीच्या शिफारसपत्रात शिक्षकांनी ‘शी इज फास्ट’ लिहिलं आहे. पाठवावं का?
– एक पालक, विलेपार्ले

उत्तर : पाठवण्याआधी बदलून घ्या. मराठी बोलण्यात ‘पोरगी फास्ट आहे’ म्हणजे चलाख. इंग्रजीत एखाद्या मुलीला नुसतं ‘फास्ट’ म्हणणं ही जुनी निंदा आहे, चालचलणुकीवर बोट ठेवणारी. ‘फास्ट लर्नर’ किंवा ‘क्विक टू ग्रास्प न्यू आयडियाज’ लिहिलं तर शिक्षकांच्या मनात होतं तेच पोहोचेल.

प्रश्न : ‘ब्रेकफास्ट’मधला फास्ट कोणता? आणि लॅबमध्ये ‘फास्टिंग’ सांगतात, तेव्हा एकादशीचा उपवास चालतो का? साबुदाण्याची खिचडीच तर खाल्ली होती.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उपवासाचा ‘फास्ट’ही ‘घट्ट धरून राहणं’ यातूनच आला. म्हणजे नेम धरणं, तो न मोडणं. रात्रभराचा उपवास मोडायचा तो ‘ब्रेकफास्ट’, उच्चार ‘ब्रेकफस्ट’. आज उपवास आहे हे सांगताना ‘आय हॅव फास्ट’ न म्हणता ‘आय अ‍ॅम फास्टिंग टुडे’ म्हणा.

लॅबचं फास्टिंग मात्र एकादशीपेक्षा कडक. रक्तातली साखर तपासायला निदान ८ तास पाण्याशिवाय पोटात काही जाता कामा नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ, त्यात शेंगदाणे, बटाटा आणि चवीला साखर. रक्तातली साखर वाढवायला एवढं पुरतं. दुधाचा चहा, राजगिऱ्याचा लाडू, केळं, ताक हेही चालत नाही. एकादशीलाच तपासणी असेल तर रात्री दहाला जेवण आटोपून सकाळी सातला रक्त द्या आणि खिचडी त्यानंतर खा. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणीही सोबत असेल तर काही लॅब १० ते १२ तास सांगतात, ते कागदावर बघून घ्या. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी सकाळचा डोस कधी घ्यायचा हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावं, रिकाम्या पोटी घेतल्यास साखर एकदम खाली येऊ शकते. आणि खिचडी खाऊन झालीच असेल तर रक्त काढणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा, तो नमुन्यावर ‘रँडम’, म्हणजे उपाशीपोटी न घेतलेला, असं लिहील.